विंडोजरावांस तर्जनीचे खुले पत्र

मा. विंडोजराव,
मुक्काम रेडमंड, अमेरिका

स. न. वि. वि.

पत्रास कारण की, टॅब्लेटवर आपण आम्हा बोटांना जो मान देत आला आहात, त्याचे आभार मानायचे राहूनच गेले होते.

२००२ साली एक्सपीची टॅब्लेट आवृत्ती निघाली, तेव्हा बहुतेक यंत्रांवर आम्हाला मज्जावच होता. चालायचे ते फक्त खास पेन. तेव्हा अपमान वाटला. आज वाटते, तीच खरी माया.

२०१० मध्ये आयपॅड आला आणि आपल्याला आमचा पुळका आला. २०१२ च्या विंडोज ८ मध्ये आपण मोठमोठ्या रंगीत चौकटी मांडल्यात, वर आमच्या सन्मानार्थ स्टार्टचे बटणच काढून टाकलेत! कचेऱ्यांतले माऊसवाले ते शोधत बसले. पुढच्याच वर्षी सरफेस आरटी या टॅब्लेटचा न खपलेला माल आपल्या मालकांना ९० कोटी डॉलरला पडला आणि ८.१ मध्ये बटण मुकाट्याने परत आले.

विंडोज १० ने आम्हाला 'टॅब्लेट मोड' दिला, २०२१ च्या विंडोज ११ ने तो काढून घेतला. आता कीबोर्ड सुटला की टास्कबारवरची चिन्हे जराशी सरकून बसतात. एवढी सरबराई पुरे झाली म्हणायची.

पान सरकवणे, फोटो मोठा करणे, हे आपण झकास करता. पण खिडकी बंद करायची फुली बघा. तिला अगदी खेटून खिडकी लहान-मोठी करणारा चौकोन. विंडोज ८ च्या वेळी आपल्याच नियमावलीत लिहिले होते की, बोटासाठीचे बटण किमान ७ मिलिमीटर असावे आणि चूक महागात पडणार असेल तर ९. नियमावली उत्तमच आहे. डिव्हाइस मॅनेजरमधला तो तिळाएवढा बाण दाबण्याआधी तिचे पारायण करावे म्हणते.

माऊसचा बाण चिन्हावर नुसता थांबला की त्याचे नाव दिसते. आम्ही टेकलो की काम होऊन बसते, दाबून थांबलो की राइट क्लिक होते. काही करण्याआधी नुसते विचारायची सोय आम्हाला नाही. शिवाय जे दाबायचे, ते आमच्याच खाली झाकले जाते. हा दोष आमच्या अंगाचा; पण तो लक्षात घेऊन घर बांधायचे काम आपले. आपण दर्शनी भिंत तेवढी रंगवलीत, आतले कंट्रोल पॅनेल अजून माऊसच्या मापाचेच.

तेव्हा विनंती एकच. आतल्या खोल्या आमच्या मापाच्या करा. जमत नसेल, तर टॅब्लेटच्या खोक्यात एक माऊस घाला.

आपली,
उजव्या हाताची तर्जनी

ता. क. वाचकहो, असा टॅब्लेट घेताना कीबोर्डाचे पैसे धरूनच हिशेब करा. पुष्कळ मॉडेलांत तो वेगळा विकत घ्यावा लागतो.