निरंकरावांना अनावृत पत्र

श्रीयुत निरंकराव यांस,
मुक्काम मासिक अहवाल, रकाना ‘मानसिक रुग्ण’,
प्राथमिक आरोग्य केंद्र.

स. न. वि. वि.

आपली ओळख रुग्ण कल्याण समितीच्या बैठकीत झाली. चहाबरोबर मासिक अहवालाची प्रतही फिरत होती. गरोदर मातांपुढे आकडा होता, लसीकरणापुढे होता, कुत्रा चावलेल्यांपुढे होता, विंचूदंशापुढेसुद्धा होता. मानसिक रुग्णांच्या रकान्यात मात्र आपण बसला होतात, एकटेच आणि ऐसपैस. मागचे अहवाल काढले, तर तिथेही आपणच. सरपंच म्हणाले, “आपलं गाव पहिल्यापासून समाधानी.” कुणी हरकत घेतली नाही.

अशा माणसाचा जाहीर सत्कार व्हायला हवा. शाल-श्रीफळाची तरतूद समितीच्या खात्यात नसल्याने पत्रावर भागवतो आहे.

आपलं कर्तृत्व किती मोठं, ते आकड्यांनीच सांगतो. बंगळुरूच्या निम्हान्स संस्थेने 2015-16 मध्ये राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षण केलं. दारूचं व्यसन धरून आणि तंबाखूचं वगळून, 10.6 टक्के प्रौढांना त्या वेळी कुठला ना कुठला मानसिक आजार होता, असं त्यात निघालं. आजारागणिक 70 ते 92 टक्के लोक उपचारांपासून लांब होते. (सर्वेक्षण 12 राज्यांत झालं. गुजरात होता, मध्य प्रदेश होता, छत्तीसगड होता, महाराष्ट्र नव्हता. आपली ओळख थेट वरपर्यंत आहे, हे आम्हाला तेव्हाच कळायला हवं होतं.) शेजाऱ्यांचा तोच दर उसना आणून हिशेब केला. सपाटीवरचं प्राथमिक आरोग्य केंद्र 30,000 लोकवस्तीसाठी असतं. त्यांत 20,000 प्रौढ धरले, तर 2,100 च्या आसपास माणसं होतात. एवढी माणसं आपण एका शब्दाखाली झाकलीत आणि खाली वैद्यकीय अधिकाऱ्यांची सहीही मिळवलीत.

हे आपण कसं साधता, ते मी बाह्यरुग्ण विभागाच्या बाकावर बसून पाहिलं आहे. बाई येते. झोप नाही, छातीत धडधड, हातापायांना मुंग्या, कशातच जीव रमत नाही, असं सांगते. मागे रांग दारापर्यंत गेलेली. तिला लोहाच्या गोळ्या मिळतात, कॅल्शियम मिळतं, फारच रडली तर सलाईन लागतं. नोंद होते ‘अशक्तपणा’. पुढच्या महिन्यात ती पुन्हा येते आणि पुन्हा अशक्तच असते. सकाळी सकाळी हात थरथरणाऱ्या माणसाची नोंद ‘ॲसिडिटी’. आणि जो पोरगा कित्येक दिवस खोलीबाहेर आलेला नाही, भिंतीशी बोलतो, आई जेवणात काहीतरी कालवते म्हणून ताट भिरकावतो, तो तर केंद्रात येतच नाही. त्याला ‘बाहेरचं’ झालेलं असतं. अमावास्या गाठून त्याला भगताकडे नेतात, लिंबू-नारळ होतात, कोंबडं जातं, उसनवारी होते. सगळं हरलं की गाडी करून सिव्हिलला नेतात, तोवर बरीच वर्षं गेलेली असतात. यात डॉक्टरांना झोडपून उपयोग नाही. एका रुग्णामागे त्यांच्या वाट्याला जो वेळ येतो, त्यात कुणाचं मन विचारायचं म्हटलं तर मागची रांग दवाखाना डोक्यावर घेईल.

आपली खरी पंचाईत होते ती शेजारच्या कचेऱ्यांमुळे. पोलीस ठाण्यात अकस्मात मृत्यूची नोंदवही असते आणि ती काही कोरी नसते. तहसीलमध्ये शेतकरी आत्महत्येच्या फायली असतात. समिती बसते, ‘पात्र’ किंवा ‘अपात्र’ असा शेरा मारते आणि पात्र ठरलेल्याच्या घरी 1 लाख रुपये जातात. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाने 2022 मध्ये महाराष्ट्रात 22,746 आत्महत्या नोंदवल्या. इतर कुठल्याही राज्यापेक्षा हा आकडा मोठा होता. म्हणजे माणूस गेला की पंचनामा होतो, जबाब होतात, फाईल तयार होते. जिवंतपणी तो आपल्या ताब्यात असतो.

आपल्याला हटवण्याचे प्रयत्न झाले नाहीत, असं नाही. 1982 मध्ये राष्ट्रीय मानसिक आरोग्य कार्यक्रम आला. 1996 मध्ये जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रम आला. 2015 मध्ये विदर्भ-मराठवाड्यातल्या 14 जिल्ह्यांत प्रेरणा प्रकल्प आला आणि आशाताईंच्या पिशवीत आणखी एक फॉर्म पडला. 2017 चा मानसिक आरोग्य सेवा कायदा 29 मे 2018 पासून लागू झाला. सगळ्यांना आपण पुरून उरलात.

त्या कायद्याचं कलम 18 आपण वाचू नये, प्रकृतीला बरं नाही. यादीतली अत्यावश्यक औषधं ग्रामीण रुग्णालयापासून वरच्या प्रत्येक सरकारी दवाखान्यात मोफत आणि कायम मिळाली पाहिजेत, असं ते सांगतं. ठरवून दिलेली किमान सेवा जिल्ह्यात नसेल, तर रुग्णाने जिल्ह्यातच दुसरीकडे उपचार घ्यावेत आणि खर्च सरकारने सोसावा, असंही सांगतं. आमच्या तालुक्यातून कुणी असं बिल लावल्याचं ऐकिवात नाही. रुग्णच नाहीत म्हटल्यावर बिल कोण लावणार?

दरवर्षी 10 ऑक्टोबरला जागतिक मानसिक आरोग्य दिन येतो. प्रभातफेरी निघते, शाळेत रांगोळी होते, ‘ताण घेऊ नका’ असा फलक लागतो. मग कधीतरी मूल्यमापनाचं पथक येतं. शिबिरं किती, प्रशिक्षणं किती, फलक किती, फोटो आहेत का, उपयोगिता प्रमाणपत्र जोडलं का, असं सगळं विचारून जातं. भास-संशयावरची रिस्पेरिडोनची गोळी गेल्या वर्षात किती दिवस शिल्लक नव्हती, हे विचारत नाही. मार्चमध्ये गोळ्या सुरू झालेली माणसं जूनमध्ये गोळ्या घेत होती का, हेही विचारत नाही. ज्याच्या गोळ्या सुटल्या, त्याच्या घरी कुणी गेलं का, हा प्रश्न तर कुठल्याच नमुन्यात बसत नाही. घरातलं दुखणं ज्यांनी काढलं, त्या आया, बायका, भाऊ पथकासमोर कधी बसलेले मी पाहिले नाहीत. बसतात सरपंच, आणि ते काय म्हणतात ते वर आलंच आहे.

अमरावती जिल्ह्यात आपला एकदा सपशेल पराभव झाला होता, ही गोष्ट आपण कधी बोलत नाही. तिथल्या 30 गावांत ‘विश्राम’ नावाचा प्रकल्प चालला. गावातल्याच माणसांना शिकवून घरोघरी पाठवलं, त्यांच्या पाठीशी समुपदेशक उभे केले आणि अवघड रुग्णांसाठी मानसोपचारतज्ज्ञ ठेवले. मोजणी मात्र दवाखान्याच्या वहीवरून केली नाही. लोकांच्या दारात जाऊन केली. नैराश्य असलेल्यांपैकी किती जणांनी कुणाकडे तरी मदत मागितली, हे विचारलं. सुरुवातीला हा आकडा 100 मध्ये 4 होता. दीड वर्षाने तो 27 झाला. 2017 मध्ये हे ‘लॅन्सेट सायकियाट्री’त छापून आलं. मला त्यातला 27 आवडतो, पण विश्वास बसतो तो 73 मुळे. तरीही बाहेर राहिलेली माणसं त्या आकड्यात उघड दिसतात. आपल्या राजवटीत ती दिसलीच नसती.

‘तज्ज्ञ कुठून आणायचे?’ हा आपला आवडता बचावही फार टिकत नाही. गोव्यात ‘संगाथ’ संस्थेने सरकारी प्राथमिक केंद्रांतच, तज्ज्ञ नसलेल्या पण नीट शिकवलेल्या समुपदेशकांकडून नैराश्य आणि चिंतेच्या रुग्णांना मदत देऊन पाहिली. ती लागू पडली, हे 2010 मध्येच प्रसिद्ध झालं आहे. तज्ज्ञ लागतातच, पण प्रत्येक झोपमोडीला नाही.

तेव्हा निरंकराव, आपण आता निवृत्त व्हावं. आपल्या जागी कुठलाही आकडा चालेल. पहिल्या महिन्यात 3 आला तरी चालेल. उलट पहिल्याच वर्षी रुग्ण वाढलेले दिसतील, आणि तेव्हा ‘गावात वेडाची साथ आली’ म्हणून वरून खुलासा मागितला जाईल. तो मागू नये, एवढं मात्र आपण जाता जाता वरिष्ठांच्या कानावर घाला. आकडा वाढल्याबद्दल ज्या परिचारिकेला नोटीस मिळेल, ती पुढच्या महिन्यात आपल्यालाच बोलावून आणेल.

कळावे. लोभ होता तेवढा पुरे.

आपला,
केंद्राच्या हद्दीतला एक रहिवासी

प्रत माहितीस्तव व योग्य त्या कार्यवाहीस्तव:
1. जिल्हा शल्यचिकित्सक. सोबत गोळ्यांच्या साठ्याबाबतचा प्रश्न जोडला आहे.
2. ग्रामसभा. पुढच्या सभेत हा अहवाल मोठ्याने वाचून घ्यावा आणि रकाना कुणी भरला, ते विचारावं.
3. वाचक. घरात कुणाला गरज असेल, तर टेलिमानस या सरकारी हेल्पलाइनचा क्रमांक 14416 आहे. फोन मोफत आहे, रात्री-अपरात्रीही लागतो आणि मराठीत बोलता येतं.