आडनाव राहू द्या, टाळ द्या

माळ घालायला कितीसा वेळ लागतो? ज्येष्ठ वारकऱ्याच्या हातून तुळशीची माळ गळ्यात पडते. मांस-मद्य सोडण्याचा, एकादशी धरण्याचा, पंढरीची वारी करण्याचा शब्द दिला की माणूस माळकरी झाला. मग सगळे एकमेकांच्या पाया पडतात. आजोबांच्या वयाचा माणूस कॉलेजातल्या पोराच्या पायाला हात लावतो आणि त्याला माउली म्हणतो. नव्या माणसाचं याहून सुंदर स्वागत मला माहीत नाही.

अडतं ते पुढे, गावातल्या देवळात, संध्याकाळच्या हरिपाठाला. नवा माळकरी येतो आणि मागच्या भिंतीशी बसतो. खुंटीवरचे टाळ ठरलेल्या हातांतच जातात. शेजारचे गृहस्थ आपुलकीनं विचारतात, "कुठले आपण?" मग, "आडनाव?" आडनावावरून उलगडा झाला नाही तर, "राहायला कोणत्या आळीला?" तीन प्रश्नांत जात कळते. ज्याच्या पायांवर काल डोकं ठेवलं, त्याची आज जात काढायची, हा वारकरी धर्म नव्हे. हे तोंडावर सांगायला हवं.

कारण या संप्रदायाला हा जातीचा हिशेब चांगला ठाऊक आहे. अस्पृश्य ठरवलेल्या संत चोखोबांची समाधी पंढरपुरात महाद्वारासमोर, नामदेव पायरीपाशी आहे. जिवंतपणी त्यांना त्या पायरीच्या आत जाऊ दिलं नाही. ते दार दलितांसाठी उघडावं म्हणून 1947च्या मे महिन्यात साने गुरुजींना पंढरपुरातच प्राण पणाला लावून उपोषण करावं लागलं. आणि याच परंपरेत ब्राह्मण घरातल्या संत बहिणाबाईंनी देहूच्या तुकोबांना गुरू मानलं, त्यासाठी घरचा छळ सोसला. म्हणजे दोन्ही वाटा आपल्याच आहेत. आज देवळाचं दार उघडं आहे, पण टाळ खुंटीवरून निघत नाही.

टाळ कसा शिकवतात ते दिंडीत पाहावं. नव्या माणसाला कुणी कोपऱ्यात बसवून धडे देत नाही. दोन जाणत्यांच्या मध्ये उभा करतात. त्याचा ठेका चुकतो, पावली खेळताना डाव्याऐवजी उजवा पाय पडतो, शेजारचा खांद्यानं हलकेच ढकलतो आणि अभंग चालूच राहतो. मृदंग काही त्याच्यासाठी थांबत नाही. दोन-तीन मुक्कामांत पाय आपोआप बसतो. बायकांच्या वाट्याला मात्र बहुतेक ठिकाणी अजून डोक्यावरची तुळसच येते. ज्यांना टाळ हवा त्यांना तो मिळाला पाहिजे, आणि वीणासुद्धा.

ज्ञानेश्वर माउलींच्या पालखी सोहळ्यात एक फार शहाणी रीत आहे. मुक्कामाला समाजआरती होते, चोपदार दंड उंचावतो आणि हजारो टाळ एका क्षणात थांबतात. ज्या दिंडीची तक्रार असेल ती मात्र टाळ वाजवत राहते. मग तिचं म्हणणं ऐकून घेतलं जातं. इतक्या अफाट गर्दीत एका दिंडीचा रुसवा कानावर पडावा, एवढी सोय पूर्वजांनी करून ठेवली.

गावातल्या नव्या माळकऱ्याला ही सोय नाही. त्याच्या हातात टाळच नाही, तो वाजवणार काय? तो तक्रार करत नाही, फक्त यायचा बंद होतो. मंडळी म्हणतात, "त्याला गोडी लागली नाही."

गोडी लागली नाही, की लागू दिली नाही? गेल्या आषाढीला माळ घातलेल्यांपैकी आज हरिपाठाला कोण दिसत नाही, त्यांची नावं जुन्या टाळकऱ्यांनी आठवावीत. एकेकाच्या घरी जावं, अगदी त्या दुसऱ्या आळीतही. पुढच्या एकादशीचं आमंत्रण उंबऱ्यावरून देऊ नये. आत जाऊन बसावं आणि चहा त्यांच्या घरचा घ्यावा.