उपक्रमशील शाळा

जिल्हा परिषदेच्या हायस्कुलातलं पोर चमकलं की आधी फ्लेक्स लागतो. त्यावर मान्यवरांचे चेहरे हातहातभर, आणि जिने एनएमएमएस शिष्यवृत्ती परीक्षा काढली तिचा फोटो खाली कोपऱ्यात, ओळखपत्राएवढा. या परीक्षेतून निवड झालेल्या मुलांना नववी ते बारावी वर्षाला १२,००० रुपये मिळतात. म्हणजे महिन्याला हजार. हार-शालींचं बिल वेगळं.

गुरुजींचं कर्तृत्व त्याहून थोर. शिक्षण हक्क कायदा, २००९ चं कलम २७ सांगतं की जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणुका सोडून शिक्षकांना अशैक्षणिक काम देऊ नये. आता, आपल्याकडे निवडणुका संपतात कधी? ग्रामपंचायत झाली की विधानसभा, ती झाली की मतदार याद्या. उरलेल्या वेळात यू-डायसवर शाळेची माहिती भरा, आधार जुळवा, फोटो टाका. फोटो नाही म्हणजे उपक्रम झालाच नाही! म्हणून वृक्षारोपणात रोप एक आणि त्याला धरणारे हात चौदा. (रोपाला पाणी घालण्याचा फोटो कुणी मागत नाही.)

याच व्यवस्थेतल्या परितेवाडीच्या प्राथमिक शाळेतल्या रणजितसिंह डिसले गुरुजींना २०२० साली दहा लाख डॉलरचं ग्लोबल टीचर प्राइज मिळालं. अर्धी रक्कम त्यांनी अंतिम फेरीतल्या इतर शिक्षकांना वाटून दिली. ती बातमी आल्यावर त्यांचं अभिनंदन करताना काढलेले फोटो मात्र कुणी कुणाला वाटले नाहीत. ते ज्याचे त्यानेच जपले.

साहेब, फक्त एक आठवडा एकही फोटो मागू नका. गणिताचे सहा तास पूर्ण होतील.