पंप मारणार कोण?

हवेची होडी विकत घेतली की घरात पहिला तात्त्विक पेच पडतो तो पंपाचा. हातापायांनी मारायचा घ्यावा की विजेवरचा? दुकानदार या प्रश्नाचे उत्तर रुपयांत देतो, घरातला इंजिनीअर दाबाच्या आकड्यांत देतो, आणि मूळ मुद्दा दोघेही टाळतात. मूळ मुद्दा असा की, पंप मारणार कोण? ‘साधा पंप पुरेसा आहे’ असे म्हणणारा आणि तो प्रत्यक्ष मारणारा माणूस एकच निघाल्याचे उदाहरण अद्याप नोंदले गेलेले नाही.

म्हणून खरेदीपूर्वी नातेवाइकांची मोजदाद करावी. धाकटा मेहुणा उपलब्ध असल्यास खुशाल पायपंप घ्यावा. जावई येणार असतील तर विजेचा. जावयाला पंप मारायला सांगता येत नाही, आणि त्यांनी आपणहून हात घातला तर सासूबाईंना ते बघवत नाही. मित्रांची सहल असल्यास कोणताही चालेल. एक जण पंप मारतो आणि बाकीचे त्याला श्वास कसा घ्यावा ते सांगतात.

आता थोडे गणित. २.५ मीटर लांबीच्या होडीच्या नळ्यांत ५०० ते ६०० लीटर जागा असते, आणि दाब लागतो पाव बार, म्हणजे साडेतीन पीएसआयच्या आसपास. मोटारीच्या टायरला ३०-३२ पीएसआय लागतात हे ठाऊक असलेल्या गृहस्थांना वाटते, मग गाडीतला टायरचा कॉम्प्रेसर आहेच की! इथेच घात होतो. टायरला दाब फार, हवा थोडी. होडीला हवा फार, दाब थोडा. तो बिचारा मिनिटाला तीसएक लीटर हवा देत राहतो, दहा-पंधरा मिनिटांत तापतो आणि मग त्यालाच सावलीत ठेवावे लागते. सायकलच्या पंपाने होडी फुगवू पाहणाऱ्याने दोन हजारांच्या पुढे मोजायची तयारी ठेवावी. पाच लीटरचा पायपंप मात्र दीडशेएक दाबांत काम उरकतो. त्यातले शेवटचे तीस दाब सर्वांत जड जातात, आणि मेहुणा नेमका त्यांच्या आधीच ‘झाली की!’ असे जाहीर करतो.

उलट चूक गादी फुगवायच्या विजेच्या पंपाची. त्यात नुसता पंखा असतो. होडी बघता बघता भरलेली दिसू लागते, पण एक पीएसआयच्या आसपास पंख्याचा जोर संपतो. अशी होडी फोटोत उत्तम दिसते. तिच्यात दोन माणसे बसली की ती मधोमध दुमडते आणि दोघांचे गुडघे एकमेकांना भेटतात. खास होडीसाठीचा चांगला पंप दोन टप्प्यांत चालतो : आधी पंखा, मग पिस्टन, आणि ठरवून दिलेल्या दाबाला आपोआप थांबतो. पिस्टन सुरू झाला की तो इतका कर्कश ओरडतो की काठावर जमलेल्यांचे सल्ले ऐकूच येत नाहीत. हा गुण माहितीपत्रकात छापत नाहीत, पण एवढ्यासाठी चार पैसे जास्त मोजायला हरकत नाही.

त्याची गोम वायरीत आहे. १२ व्होल्टचा हा पंप गाडीच्या सॉकेटवर चालतो, वायर दोन-तीन मीटरची, आणि पवना धरणावर मे महिन्यात गाडी थांबते तिथून पाणी कुठल्या कुठे खाली गेलेले असते. मग होडी गाडीपाशी फुगवून चौघांनी खांद्यावरून न्यावी लागते. वाटेत लोक बाजूला होतात. एखादा नमस्कारही करतो. इंजिन बंद ठेवून पंप चालवत राहिल्यास बॅटरी उतरते, ते वेगळेच. (पाण्यात उतरायची परवानगी आहे की नाही, हे भेटणारा पहिला गावकरी सांगेल. लाइफ जॅकेट घालायचेच, हे आम्ही सांगतो.)

पंप कोणताही असो, व्हॉल्व्हची मधली पिन वर आलेली आहे ना, हे नळी जोडण्याआधी पाहावे. ती दाबलेली राहिली असेल, तर नळी काढताक्षणी दीडशे दाबांची हवा फुस्सकन सह्याद्रीत विलीन होते. अशा वेळी मेहुण्याच्या नजरेला नजर देऊ नये.

भरलेली होडी उन्हात ठेवून जेवायला बसू नये. सकाळी २७ अंशांना पाव बार भरलेली हवा दुपारी ४७ अंशांपर्यंत तापली, तर पंपाच्या काट्यावरचा दाब जवळपास एक-तृतीयांशाने चढतो. तीच होडी गार पाण्यात उतरवली की ढिली पडते आणि पुन्हा चार दाब मागते. धरणाच्या मध्यभागी सॉकेट नाही. तेव्हा विजेचा पंप घेतला तरी हातपंप होडीत ठेवावाच लागतो. म्हणजे दोन्ही घ्यावेत. दुकानदाराला हे आधीपासून ठाऊक होते.

विजेच्या पंपाचे खरे मोल संध्याकाळी कळते. नळी उलट बाजूला लावली की तो हवा ओढूनही घेतो. एरवी मोठ्यांना होडीवर लोळून ती बाहेर काढावी लागते. इतके करूनही होडी मूळ पिशवीत मावणार नाही. ती मागच्या सीटवर आडवी टाकावी आणि मेहुण्याला कामशेत स्टेशनवर सोडावे. पुण्याची लोकल तिथे थांबते.