चंद्राबाई, दोन दिवस पान्हा चोर!

प्रति,
ती. चंद्राबाई (जात : मुऱ्हा),
अण्णांचा गोठा, मु. पो. गडमुडशिंगी,
ता. करवीर, जि. कोल्हापूर.



पत्र खरं तर तुझ्या मालकाला लिहायचं होतं. पण अण्णा माणसाचं ऐकत नाहीत, म्हशीचं ऐकतात. तू मध्यरात्री जरा रेकलीस की बॅटरी घेऊन गोठ्यात हजर. म्हणून म्हटलं, वशिला लावायचा तर तुझाच लावावा.

विषय टायगरचा आहे. तुझ्या दावणीच्या पलीकडं, हातभर साखळीनं खांबाला बांधलेला असतो तो. जाता जाता थोडा मनी मांजरीचाही.

तुझं नशीब थोर, बाई. कानात पिवळा बिल्ला, त्यावर बारा आकडी नंबर. लाळ्या-खुरकुताची लस वर्षातनं दोनदा, तीही सरकारच्या खर्चानं आणि दारात. २०२२ साली लम्पी आला तेव्हा आजारी पडत होत्या गाई, पण अण्णांची झोप उडाली होती तुझ्या काळजीनं. तुझं फॅट किती लागलं, हे त्यांना झोपेतनं उठवून विचारलं तरी पॉइंटासकट सांगतील. तू कधी गाभण राहिलीस, कधी विणार, सगळं कॅलेंडरवर. परवा मी सहज विचारलं, "टायगरला रेबीजची लस कधी दिली होती?" तर म्हणाले, "त्याला काय धाड भरलीय?"

बरोबरच आहे. टायगर संस्थेत दूध घालत नाही.

पण अण्णांचं त्याच्यावर प्रेम नाही असं कुणी म्हणालं, तर मीच आधी भांडायला उठेन. प्रेम एवढं आहे की त्यातनं तो वाचला तर नशीब म्हणायचं. बुधवारी आणि रविवारी घरात मटण. नामदेव महाराज भाकरी पळवणाऱ्या कुत्र्यामागं तुपाची वाटी घेऊन धावले; अण्णा तांबड्या रश्श्याची घेऊन धावतात. परातीत भाकरी कुस्करायची, वर रश्श्याचे दोन डाव, कडेला चोखून टाकलेल्या नळ्या. "वाघ आहे आमचा, चटणीशिवाय खात नाही," हे कौतुक वर.

आता त्या चटणीत काय असतं ते तुला ठाऊक आहे, वास गोठ्यापर्यंत येतो. कांदा आणि लसूण. हे दोन्ही कुत्र्याच्या रक्तातल्या तांबड्या पेशी फोडतात. शिजवले, वाळवले, डंकावर कुटून बरणीत भरले तरी त्यांचा तो गुण जात नाही. मांजराला तर कुत्र्यापेक्षाही कमी पुरतो. बरं, खाल्ल्या खाल्ल्या काही होत नाही, तिथंच घोटाळा आहे. काही दिवसांनी हिरड्या फिक्या पडतात, लघवी तांबूस होते, जनावर कोपऱ्यात पडून राहतं, आणि घरचे म्हणतात, वय झालं त्याचं. कोल्हापुरात राहून कांदा-लसूण चटणीविरुद्ध बोलणं जिवावरचं काम आहे. तू शाकाहारी म्हणून तुझ्याजवळ बोललो.

नळ्यांचंही तसंच. शिजलेलं हाड चावताना चिरफळतं आणि त्याची टोकं घशात नाहीतर आतड्यात रुततात. टायगरला मटण द्यायचंच असेल तर बिनहाडाचं, नुसत्या पाण्यात उकडलेलं द्यावं. अळणी काढायच्या वेळी बाजूला काढतो म्हणतील. पण अळणीतही लसूण पडलेलाच असतो, म्हणून त्याच्याही आधी.

मनीबद्दल थोडक्यात सांगतो. गेल्या पावसाळ्यात ती कणकणली, तेव्हा आक्का तापाची गोळी कुटून दुधातनं द्यायला निघाल्या होत्या. पॅरासिटामॉल मांजराच्या यकृताला निपटत नाही. माणसाची एक गोळी तिचा जीव घ्यायला पुरते. तुझ्या अंगाला लावून उरलेलं गोचिडाचं औषध तिला चोळायचा बेतही याच घरात शिजला होता. त्या औषधांतलं परमेथ्रिनसारखं एखादं मांजराला सरळ विष आहे. शिवाय बहुतेक मोठ्या मांजरांना दूध पचत नाही, जुलाब होतात. तेव्हा तुझ्या दुधावर तिचा हक्क सांगणाऱ्यांना तू खुशाल शेपटी मार.

गोचिडाचं निघालंच आहे तर सांगतो. तुझ्या कासेवर एक दिसला तरी अण्णा चिमट्यानं काढतात. टायगरच्या कानात मात्र द्राक्षाच्या घडासारखे लोंबतायत. त्यांच्यातनं येणारा ताप कुत्र्याचं रक्त आटवतो, कधी नाकातनं रक्त येतं. "उन्हाळा लागला असेल," हे त्यावरचं घरगुती निदान.

तू म्हणशील, मला काय त्याचं? आता नीट ऐक. रात्री टायगरला मोकळा सोडतात. हुपरी रोडच्या कडेनं तो खरकट्यावर भटक्यांशी भांडतो आणि पहाटे येऊन तुझ्या शेजारी झोपतो. त्यातलं एखादं पिसाळलेलं निघालं, टायगर पिसाळला, तर त्याच्या तोंडासमोर पहिली आहेस तू. रेबीज म्हशीलाही होतो, आणि एकदा लक्षणं दिसली की कुत्रं असो, म्हैस असो की माणूस, उपाय जवळजवळ नाहीच. तुझी लाळ गळायला लागेल, गिळता येणार नाही. अण्णांना वाटेल, घशात कडब्याचं बाटूक अडकलं, आणि ते कोपरापर्यंत हात घालतील तुझ्या तोंडात. खरं कळल्यावर, तुझं दूध न तापवता प्यायलेली सगळी मंडळी दवाखान्यात रांगेला. धारोष्ण दुधाचा अभिमान त्या दिवशी कुणी सांगणार नाही.

आणि टायगर कुणाला चावलाच, तर आक्का जखमेवर चटणी नाहीतर चुना भरणार. तेवढं करू देऊ नकोस. साबण आणि वाहतं पाणी, चांगली पंधरा मिनिटं, आणि त्याच दिवशी दवाखाना. पोटात चौदा सुया टोचायचा जमाना कधीच गेला. आता दंडात घेतात, पहिल्या दिवसानंतर तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या आणि अठ्ठाविसाव्या दिवशी. जखमेतनं रक्त आलं असेल तर लसीबरोबर सीरमही लागतं.

तर विनंती अशी की दोन दिवस पान्हा चोर. रेडकाला ढुशी दे, आंबोणाला तोंड लावू नकोस, बादलीत शेरभरच सोड. संस्थेत माप कमी भरलं की अण्णा संध्याकाळच्या आत डॉक्टरांना घेऊन येतील. डॉक्टर तुला तपासतील, काही सापडणार नाही. तेवढ्यात पलीकडनं टायगर भुंकेल. मग रेबीजची सुई टोचायला किती वेळ लागतो? ती दरवर्षी टोचायची. पिल्लू आणलं तर तिसऱ्या महिन्यात पहिली, आणि पार्वोची त्याच्याही आधी, सहा-आठ आठवड्यांपासून, तीन-चार आठवड्यांच्या अंतरानं. पार्वोनं रक्ताची हगवण लागून पिल्लू दोन-चार दिवसांत जातं आणि मागं जंतू अंगणाच्या मातीत महिनोन्‌महिने राहतात. म्हणजे त्याच जागी दुसरं आणून बांधलं की तेही गेलं. शिवाय डॉक्टर आलेच आहेत तर नसबंदीचंही विचारून घ्यावं. दर वर्षी पिल्लं पोत्यात भरून शिवेबाहेर सोडून यायचं काम कुणाला आवडतं असं मला वाटत नाही, तरी ते होतंच.

लस टोचली की डॉक्टर एक कार्ड देतात. ते फडताळात टाकू देऊ नकोस, तिथं उंदीर खातील. दुधाच्या पासबुकात ठेवायला लाव. ते अण्णा दर दहा दिवसांनी उघडतात.

तुझा,
भिंतीपलीकडचा शेजारी

ता. क. साखळी जरा लांब करायचं तेवढं बघ. हे काम डॉक्टरांशिवायही होतं.