नॉर्मनचं सुतक

नॉर्मन, ओक्लाहोमा
२० नोव्हेंबर १९५७

ती. सौ. आईस,
शि. सा. न. वि. वि.

आम्ही दोघं खुशाल आहोत. गाव मात्र सुतकात आहे. गेल्या शनिवारी इथल्या विद्यापीठाची टीम फुटबॉलची मॅच हरली. तू म्हणशील, हरली तर हरली! अगं, ही टीम ओळीनं ४७ सामने जिंकली होती. याआधीची हार १९५३ च्या सप्टेंबरातली. गावातल्या चार वर्षांच्या पोरांनी हार कधी पाहिलीच नव्हती, आणि मोठी माणसं ती विसरून गेली होती.

हा आपला पायानं खेळायचा फुटबॉल नव्हे. अकरा-अकरा जण डोक्याला टोप घालून हुतुतूसारखे एकमेकांच्या अंगावर पडतात. चार प्रयत्नांत दहा यार्ड पुढे सरकायचं, नाहीतर चेंडू गमवायचा. दर प्रयत्नाआधी सगळे गोल करून खलबत करतात. हे म्हणतात, तासाभराचा खेळ आणि अडीच तास बैठका. आपल्या सोसायटीच्या सभेसारखंच.

टीमचं नाव सूनर्स. १८८९ साली सरकारनं इथली जमीन खुली केली, ठरल्या वेळी धावत जाऊन जागा धरायची होती. जे लबाडीनं आधीच आत शिरून बसले, ते सूनर. एस.टी.च्या खिडकीतून रुमाल टाकणाऱ्यांतलेच. पण इथं त्याचा अभिमान बाळगतात!

हे पेट्रोलियम शिकायला आलेत, पण विद्यापीठात तेलाहून भाव बड विल्किन्सन या कोचला. टीममध्ये यंदा प्रेंटिस गॉट नावाचा काळा मुलगा खेळतो. काळ्या माणसानं अंधार पडायच्या आत गाव सोडायचं, असा इथला रिवाज. मैदानात मात्र त्याला टाळ्या. खेळ मला कळत नाही, हे कळतं.

तर शनिवारी पाहुणे आले नोटर डेमचे. १९५३ मध्ये सूनर्सना हरवणारेही तेच. पण गेल्या वर्षी यांनी त्यांच्याच गावात त्यांना ४०-० असं धुतलं होतं, त्यामुळे कुणाला घोर नव्हता. त्यातून १६ नोव्हेंबर म्हणजे राज्याचा पन्नासावा वाढदिवस. शिवाय 'स्पोर्ट्स इलस्ट्रेटेड'च्या ताज्या अंकाच्या मुखपृष्ठावर छापलेलं, ओक्लाहोमा अजिंक्य का आहे! आई, तू असतीस तर अंकाची दृष्ट काढली असतीस.

तीसेक हजार वस्तीच्या गावात साठ हजारांवर माणूस मैदानात. मी साडीवर कोट घालून कुडकुडत बसले होते. बराच वेळ दोघांचंही शून्य. शेवटी पाहुणे मुंगीच्या पावलांनी ऐंशी यार्ड आले. चार मिनिटंही उरली नव्हती, शेवटचा प्रयत्न, रेघ तीन यार्डांवर. आपली पोरं मधोमध दाटी करून उभी, आणि डिक लिंच नावाचा मुलगा चेंडू घेऊन उजवीकडून मोकळाच पळाला. सगळं घर पुढच्या दाराला कडी घालून उभं आणि चोर परसदारानं आत! ७-०. सलग १२३ सामने शून्यावर न राहिलेली टीम शून्यावर. खेळ संपला तरी लोक उठेनात.

मुंबई राज्यासारखी इथंही दारूबंदी आहे, आणि तिकडच्यासारखीच पाळतात, हे त्या रात्री कळलं.

घरमालकीणबाई जेवल्या नाहीत. सुतकाच्या घरी पिठलं-भात न्यायची आपली रीत, पण डाळीचं पीठ कुठलं? वाटाण्याच्या डाळीची आमटी नि भात नेला. ह्यांनी समजूत घातली, "बाई, आमच्या देशाला पहिली टेस्ट जिंकायला वीस वर्षं लागली. १९३२ ते १९५२." बाईंनी डोळे पुसून विचारलं, "मग तेवढी वर्षं तुम्ही बघायला का जात होता?" ह्यांना उत्तर सुचलं नाही.

येत्या शनिवारी नेब्रास्काशी मॅच आहे. डाळीचं पीठ तेवढं बोटीनं पाठव. पोचायला वेळ लागेल, पण उपयोगी पडेलच: जिंकले तर लाडू, हरले तर पिठलं.

तुझी,
धाकटी