चिरंजीवांची डहाणू मोहीम

ड्युसेलडॉर्फमध्ये माझं पोर माझं एकटीचं असतं. ट्राममध्ये त्याच्याकडे बघून कुणी हसलं तर आधी मीच दचकते. त्याचा गाल ओढायची कुणाची प्राज्ञा नाही. हातावर खाऊ ठेवायचा तर आधी मला विचारायचं, त्यात साखर किती ते सांगायचं, आणि मी ‘नको’ म्हटलं की आभार मानून खाऊ परत खिशात घालायचा. अपवाद फक्त टोपीचा. नोव्हेंबरात पोराचं डोकं उघडं दिसलं, की ऱ्हाइनकाठची कुठलीही आजीबाई रस्ता ओलांडून येते, ‘टोपी कुठंय?’ असं करड्या आवाजात विचारते आणि उत्तराची वाट न बघता निघून जाते. सासूबाई लांब असल्याची उणीव तेवढी भरून निघते.

डहाणूला पोर सार्वजनिक होतं. त्याची सुरुवात विरारलाच होते. २०१३ साली मुंबईची लोकल विरारच्या पुढे डहाणू रोडपर्यंत यायला लागली, तेव्हा गावाला थोडा आनंद आणि बराच संशय वाटला होता. आता त्याच लोकलशिवाय कुणाचं पान हलत नाही. ईस्टरच्या सुट्टीत, भर एप्रिलात, मी दोन बॅगा, चार वर्षांचे चिरंजीव आणि त्यांची कार सीट घेऊन बायकांच्या डब्यात शिरले. कार सीटला खिडकी मिळाली, मला चौथी सीट. चिरंजीव वैतरणेपर्यंत माझ्या मांडीवर होते. सफाळ्याला ते समोरच्या मावशींच्या मांडीवर गेले. केळवे रोडला त्यांच्या पुढ्यात गवारीची पिशवी आली आणि पालघर येईतो ते इमाने इतबारे शेंगा मोडायला लागले. मी घाईघाईने सॅनिटायझरची बाटली काढली. मावशींनी ती माझ्या हातातून घेतली, ‘वास छान आहे हो’ म्हणत स्वतःच्या हाताला चोळली आणि पलीकडे दिली. उमरोळीला बाटली रिकामी होऊन परत आली.

मग चौकशी. बाळाचे पप्पा का नाही आले? तिकडे भात मिळतो का? पोरगं एवढं रोडावलंय का? आणि हे एकच का? या शेवटच्या प्रश्नाला मात्र अर्धा डबा माझ्याकडे वळून बसला. माझं उत्तर कुणाला पटलं नाही. बोईसरला उतरताना एका बाईंनी, ज्यांचं आणि माझं तोवर एक अक्षर बोलणं झालं नव्हतं, ‘पुढच्या खेपेला दोघांना घेऊन ये’ असं बजावलं. वाणगावला चिरंजीवांच्या हातात चिक्की दिसली. ती कुणी दिली याचा तपास अजून लागलेला नाही.

डहाणू रोडला उतरल्यावर, शेअर रिक्षात कार सीट कशी बांधायची हे मी रिक्षावाल्या दादांना विचारलं. त्यांनी ती उलटीसुलटी करून पाहिली, पट्टा ओढून पाहिला. “असं करा ताई, हिला मी पुढं घेतो. पोराला तुम्ही मांडीवर घ्या.” त्याप्रमाणे इराणी रोडवरून कार सीट ऐटीत पुढे बसून आली आणि तिच्यापायी एक गिऱ्हाईक गेलं म्हणून तिचंही भाडं मी दिलं.

जर्मनीत मुलाला बालवाडीत घालणं हा एक संस्कार आहे. १८४० साली फ्रोबेलने किंडरगार्टन काढलं ते त्याच देशात, त्यामुळे विषय गंभीर. आई मुलाला दाराशी सोडून निघून गेली असं तिथे होत नाही. मुलाला रुळवावं लागतं. पहिले तीन दिवस आईने वर्गातल्या कोपऱ्यात एका टीचभर खुर्चीवर गप्प बसायचं. चौथ्या दिवशी चार-पाच मिनिटं बाहेर जाऊन यायचं. मग दहा. मूल रडलं तर पुन्हा मागे. काही आया महिना-महिना त्या खुर्चीवर काढतात. मुलं त्यामानाने लवकर रुळतात.

माहेरी चिरंजीव किती वेळात रुळले हे सांगता येत नाही, कारण मी बॅगेची चेन उघडत होते तेवढ्यात ते दिसेनासे झाले. शेजारच्या काकूंकडे गेले होते. तिथून त्यांच्या नातवंडांबरोबर पारनाक्याला, समुद्रावर. दिवेलागणीला परत आले तेव्हा गुडघा फुटलेला, खिशात शिंपले आणि डोक्याला कुणाचा तरी गमछा बांधलेला. “वारं लागतं समुद्रावर. टोपी नाही का गं आणलीस त्याला?” काकूंनी मलाच झापलं.

संध्याकाळी सात ही चिरंजीवांची निजायची वेळ. जर्मनीत सातला मूल झोपतं, साडेसातला इमारत झोपते, आणि दहानंतर मोठ्याने शिंकणं हा शेजाऱ्याशी उघड वैरभाव समजला जातो. डहाणूत सातला मंडळी यायला सुरुवात होते. आमच्याकडे ‘पोर झोपलंय’ ही माणसांना परत पाठवायची सबब नसून पोराला उठवायची सबब आहे. “झोपलाय? अगं, उठव की जरा, बघते तरी.” दोन रात्री मी खिंड लढवली. तिसऱ्या रात्री साडेअकराला चिरंजीव बाबांच्या मांडीवर बसून बोंबील खात होते. मी बघूनही बघितलं नाही.

भिंतीचं प्रकरण सांगायला हवं. आमच्या भाड्याच्या घराच्या करारानुसार सोडून जाताना भिंती आल्या तशा पांढऱ्या करून द्यायच्या आहेत. चिरंजीवांनी मागे बेडरूममध्ये हिरव्या खडूने एक आडवी रेघ ओढली, तर मी आणि नवरा रात्रभर तिच्यापुढे बसून होतो. डहाणूला पोचल्याच्या दुसऱ्या दिवशी त्यांनी पडवीच्या भिंतीवर कोळशाने एक प्राणी काढला. त्याला पाय बरेच होते. मी ओरडणार तोच आई म्हणाली, “काढू दे. दिवाळीला रंग द्यायचाच आहे.” बाबांनी तर आतून गेरू आणून दिला.

त्यांचंही बरोबर आहे. या तालुक्यात भिंत ही चित्र काढायचीच वस्तू आहे. वारल्यांच्या लग्नात तांदळाच्या पिठाने लग्नचौक लिहिल्याशिवाय लग्न लागत नाही, आणि तो लिहायचा मान सवाशिणींचा. डहाणू तालुक्यातल्याच गंजाडचे जिव्या सोमा मशे यांनी हे बायकांचं काम हाती घेतलं, लग्नाबिग्नाची वाट न बघता रोज चित्रं काढली, आणि २०११ साली पद्मश्री मिळवली. त्याच्याही आधी, २००३ मध्ये, रिचर्ड लाँग या इंग्रज कलावंताबरोबर त्यांची चित्रं युरोपातल्या एका संग्रहालयात लागली होती. कुठल्या? ड्युसेलडॉर्फच्या कुन्स्टपालास्टमध्ये. ज्या गावात एका हिरव्या रेघेपायी आमची झोप उडाली, त्याच गावचे लोक तिकीट काढून गंजाडच्या रेघा बघून गेले. घरमालकाला हे एकदा सांगून बघायचा विचार आहे. अनामत रक्कम हातात पडल्यावर.

कोसबाडच्या टेकडीवर मात्र मी ठरवून गेले. त्याचं कारण पुन्हा जर्मन आहे. तिकडे सध्या रानातल्या बालवाडीचं भारी वेड. चार भिंती नाहीत, खेळणी नाहीत, पाऊस असो, बर्फ असो, पोरं झाडाखाली. ‘हवा वाईट नसतेच, कपडे चुकीचे असतात’ हे तिथलं ब्रीद, आणि बरोबरचे कपडे फार महाग असतात. चिखलाची विजार वेगळी, बर्फाची वेगळी. प्रवेशासाठी रांग इतकी, की काही आयबाप मुलाचं नाव ठरायच्या आधी नाव नोंदवतात. आम्हाला जागा मिळाली तेव्हा मी पेढे वाटले होते. पाइनची बोंडं आणि काटक्या मांडून मुलं कशी अंक शिकतात हे पालकसभेत दाखवतात, आणि सगळे पालक श्वास रोखून त्या बोंडांकडे बघतात.

आता कोसबाड. ताराबाई मोडक १९४५ साली बोर्डीला आल्या तेव्हा त्रेपन्न वर्षांच्या होत्या. भावनगरला गिजुभाई बधेकांबरोबर बालशिक्षणाचं मोठं काम करून झालेलं, नाव झालेलं. बरोबर पस्तिशीच्या अनुताई वाघ. दोघींनी बोर्डीला ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केलं आणि १९५७ मध्ये काम कोसबाडच्या टेकडीवर नेलं. माँटेसरीबाईंची साधनं गुळगुळीत, रंगवलेली आणि खर्चाची. या दोघींनी चिंचोके, शिंपले, बिया, पानं घेतली. पोरं शाळेत येईनात तर बालवाडी पाड्यावर अंगणात मांडली. मोठी मुलं गुरांमागे जातात म्हणून शाळेत येत नाहीत, तर शाळा गुरांमागे नेली. तिचं नाव कुरणशाळा. मुली येईनात, कारण कडेवर धाकटं भावंड. मग शाळेला लागून पाळणाघर काढलं. म्हणजे बिनभिंतीची बालवाडी, निसर्गातलं साहित्य, सगळं साठ-सत्तर वर्षांपूर्वी आमच्या टेकडीवर होऊन गेलेलं, आणि त्यासाठी विजार लागत नव्हती.

फरक आहे तो दुसऱ्या टोकाला. जर्मनीतली रानशाळा स्वच्छ पोर घेऊन संध्याकाळी चिखलाचा गोळा परत करते आणि वर सांगते, आजचा दिवस छान गेला. कोसबाडला पहिलं काम आंघोळीचं होतं. पाड्यावर जायचं, पोरं गोळा करायची, नखं कापायची, डोकी विंचरायची, आंघोळ घालायची, मग गाणी. रुळवणूकही तिथे उलटी होती. पोरं आपापल्या अंगणात बसलेली, आणि परक्या गावच्या, परक्या बोलीच्या या बाईंनी रोज जाऊन कोपऱ्यात बसायचं, त्या अंगणाने आपल्याला घेईपर्यंत. त्यांना ‘आज पाच मिनिटं जाऊन या’ म्हणणारं कुणी नव्हतं. मला टीचभर खुर्चीवर आठवडाभर बसून पाठ धरली म्हणून मी आईला फोनवर रडून दाखवलं होतं, हे तिथे उभी असताना नेमकं बरोबर आलेल्या आईलाच आठवलं.

टेकडीवर एका झाडाखाली मुलं चिंचोके मांडून बसली होती. चिरंजीवांनी दोन मिनिटं लांबून पाहिलं आणि त्यांच्यात जाऊन बसले. त्यांना यात नवल काहीच वाटलं नाही. शाळा अशीच असते. एका मुलीने त्यांचे चिंचोके मोजून घेतले आणि एक कमी भरला तो त्यांच्या तोंडातून काढला.

तलासरीला गेलो ते माझी शाळेतली मैत्रीण तिकडे शिक्षिका आहे म्हणून. एसटीने. तलासरी म्हणजे लाल बावट्याचं गाव. १९४५ मध्ये जवळच्या झरीला वारल्यांची परिषद भरली, वेठबिगारीविरुद्ध लढा उभा राहिला, आणि गोदावरी परुळेकर इथल्या पाड्यांवर गोदाराणी झाल्या. पुढे गुजरातची हद्द. अच्छाडला ट्रकांची रांग, आणि ढाब्याच्या पाट्यांवर मराठी कुठे संपली, गुजराती कुठे सुरू झाली ते कळत नाही.

मला इथे भाषेचा खटला आठवत होता. आमच्या बालवाडीतल्या बाईंनी एकदा मला बोलावून घेतलं. मुलगा घरी मराठी बोलतो, शाळेत जर्मन, कार्टून इंग्रजी बघतो. तीन भाषांचा भार जरा जास्त होत नाही ना? त्यांनी एक तक्ता दिला. कुठल्या वेळी कुठली भाषा, ते आठवडाभर भरायचं. मी पेन्सिल घेऊन पोराच्या मागे फिरले.

महामार्गालगतच्या चहाच्या टपरीवर टपरीवाल्याची सहा-सात वर्षांची मुलगी कप विसळत होती. आजीशी वारलीत बोलली, माझ्याशी मराठीत, उमरगावहून आलेल्या गिऱ्हाइकाशी गुजरातीत, आणि उधारी मागणाऱ्या ट्रकवाल्याशी अशा हिंदीत, की त्याने मुकाट्याने पैसे काढले. दुसरा चहा येईपर्यंत तिने चिरंजीवांकडून जर्मन ‘डांके’ही उचललं आणि ट्रकवाल्याला सुटे परत देताना वापरलं. तक्ता तिला कुणी दिला नव्हता.

इथून हद्दीपलीकडे लगेच संजाण, पारशी उतरले ते. मागे बालवाडीत ‘आपल्या गावची गोष्ट’ सांगायची पाळी माझ्यावर आली तेव्हा मी राजाची आणि दुधाच्या भांड्याची गोष्ट सांगितली होती. काठोकाठ भरलेल्या दुधात पारशांनी साखर विरघळवली आणि राजाने त्यांना ठेवून घेतलं. पोरांना आवडली. नंतर दोन पालकांनी साखरेबद्दल नाराजी कळवली आणि एकांनी विचारलं, त्या राज्यात दूध न पचणाऱ्या मुलांची काय व्यवस्था होती?

निघायच्या आदल्या दिवशी आईने चिकूचा विषय काढला. चिकूची आमच्याकडे बरदास्त आहे. मूळचा तो मेक्सिकोकडचा, म्हणजे आमच्याहून लांबून आलेला. इथल्या इराण्यांच्या वाड्यांत वाढला, घोलवडचा म्हणून नाव काढलं आणि २०१६ मध्ये त्याला भौगोलिक मानांकन मिळालं. परदेशात जाऊन इतकं सरकारी कौतुक करून घेतलेला दुसरा कुणी माझ्या ओळखीत नाही. माझा साधा निवासाचा परवाना दर खेपेला नवा करावा लागतो.

“दोन डझन देते. कच्चट आहेत, जाईतो पिकतील.”

“आई, युरोपात फळं नेता येत नाहीत. रोपांच्या तपासणीचा दाखला लागतो.”

“एकही नाही?”

“पाच फळांना सूट आहे. अननस, केळी, खजूर, ड्युरियन आणि नारळ.”

“ड्युरियन म्हणजे तो घाण वासाचा?” बाबा पेपरातून म्हणाले. “तो चालतो आणि आमचा चिकू नाही?”

युरोपच्या या धोरणावर त्यांनी पुष्कळ वेळ आपलं मत दिलं. आईने दिलं नाही. ती बॅगेपाशी उकिडवी बसली, चिरंजीवांचे लोकरी कपडे आणि चिखलाची विजार उपसून बाहेर काढली आणि बॅग रिकामी झाल्याची खात्री करून घेतली.

“अहो,” तिने बाबांना हाक मारली, “त्या नारळ पाडणाऱ्याला सकाळी लवकर यायला सांगा.”